गोजरबाईने मागितलेला जाब

वसमतच्या ठेसनाजवळ व्यंकटरावांचा कापसाचा जीन होता. दसरा उलटला की त्याचं धुराडं पेटायचं आणि होळीपर्यंत विझायचं नाही. आसपासच्या तीस गावांची कपाशी गाड्या भरभरून तिथं यायची. यंत्रात सरकी वेगळी व्हायची, रुई वेगळी व्हायची, गठ्ठे आगगाडीत चढायचे. सोनाजी त्या जिनात सात हंगाम कामाला होता. यंत्राच्या मागच्या बाजूला जमिनीत एक नाली होती आणि त्या नालीतून चामड्याचे रुंद पट्टे गरगरत धावायचे. त्यांच्या खाली साचलेली रुई ओढून काढणं हे त्याचं काम.

एकेचाळीस सालच्या मार्गशीर्षात, एका मंगळवारी, त्याची बायको गोजरबाई त्याची न्याहारी घेऊन जिनावर गेली. फाटकावरच तिला काहीतरी विपरीत वाटलं. भोंगा झालेला नव्हता, पण इंजिन बंद होतं. बाया अंगणात घोळका करून उभ्या होत्या आणि तिला पाहताच घोळका दुभंगला.  ती त्या वाटेने सरळ आत गेली.

सोनाजी नालीच्या काठावर पडला होता. पट्ट्याने उपरण्यासकट त्याला आत ओढलं होतं. मानेपासून छातीपर्यंत जे झालं होतं ते पाहून गोजरबाईच्या हातातलं फडकं गळून पडलं. ती त्याच्याजवळ बसली. तिला रडू यायच्या आधीच कानावर एक आवाज आला, लोखंडावर लोखंड घासल्याचा. तिने मान वर केली. चार हातांच्या अंतरावर भावसिंग, इंजिनाला तेल घालायच्या कामावरचा माणूस, उकिडवा बसून नालीवर लोखंडी जाळी बसवत होता. त्याचे हात थरथरत होते. पेच जागेवर बसत नव्हता. व्यंकटराव त्याच्या डोक्यावर उभे होते आणि हळू आवाजात सांगत होते, "लौकर कर. अमीन येऊन राहिला."

नवरा अजून उचलला नव्हता आणि जाळी बसत होती.

गोजरबाई पुढं जन्मभर म्हणायची, त्या दिवशी मला रडू आलंच न्हाई. रडू यायच्या वाटेवर ती जाळी आडवी आली.

दुपारी पोलिसांचे अमीन आले, पंचनामा झाला. जाळी जागेवर आहे, मयताने ती स्वतः काढली असावी, अपघाती मरण, असं लिहून झालं. गोजरबाई पुढं होऊन म्हणाली, "जाळी आत्ता बसवली. म्या डोळ्यानं बघितली." अमीन म्हणाले, "बाईचं दुःख मोठं आहे, तिला कुणी तरी घरी न्या." पंच म्हणून ज्यांनी सही केली ते दोघंही व्यंकटरावांचीच कुळं होती.

चौथ्या दिवशी व्यंकटराव स्वतः घरी आले. सोनाजीचं घर गावाबाहेरच्या आळीत होतं, दोन खणांचं. घरात म्हातारी द्वारकाबाई, सोनाजीची आई, आणि सहा वर्षांची पोरगी. व्यंकटराव ओसरीवर बसले. गोड बोलले, सोनाजी कसा विश्वासाचा गडी होता ते सांगितलं, पैशाची एक थैली म्हातारीच्या पुढ्यात ठेवली आणि खिशातून उर्दूत लिहिलेला कागद काढला.

"यावर अंगठा उठव, गोजरबाई. नुसता रिवाज आहे."

"वाचून दावा, मालक."

"त्यात काय वाचायचं? पैसे मिळाले म्हणून लिहिलंय."

"मग कागद ठेवून जावा. पैसे घेऊन जावा. मी इचार करून सांगते."

व्यंकटराव हसले. बाईमाणूस, कुठं जाणार, असा हिशोब त्यांनी केला असावा. थैली आणि कागद दोन्ही ठेवून ते गेले. ते ओसरीवरून उतरले तशी गोजरबाईने थैली उचलली, त्यांच्या मागोमाग गेली आणि त्यांच्या बैलांच्या दमणीत टाकून परत आली. कागद मात्र तिने चोळीत खोवला.

म्हातारी द्वारकाबाई म्हणाली, "वेडी झालीस का? पोरीच्या तोंडात काय घालशील?"

"आत्या, कागदात काय हाय ते कळू द्या. मग पोरीच्या तोंडाचं बघू."

वसमतात विश्वंभरपंत म्हणून एक वकील होते. पन्नाशीचे, एका डोळ्याने अधू. वकिली फारशी चालत नसे, कारण पक्षकाराला गोड वाटेल असं त्यांना बोलता येत नसे. पण निजामाच्या कचेरीतलं उर्दू त्यांना तोंडपाठ होतं आणि कायद्याची नवी पुस्तकं ते हैदराबादहून मागवून वाचत. गोजरबाई त्यांच्या ओट्याखाली जाऊन उभी राहिली आणि कागद वर धरला.

विश्वंभरपंतांनी तो चांगल्या डोळ्याजवळ नेला. शेवटपर्यंत वाचला.

"यात लिहिलंय," ते म्हणाले, "की मयत सोनाजी दारू पिऊन कामावर आला होता. त्याने मनाई असताना जाळी स्वतःच्या हाताने काढली. मालकाचा काही दोष नाही आणि वारसांची काही तक्रार नाही."

गोजरबाई ओट्याच्या पायरीवर बसली. सोनाजीच्या गळ्यात तुळशीची माळ होती. माळ घातल्यापासून त्याने ताडीच्या झाडाची सावलीसुद्धा टाळली होती. मेल्यावर त्याला दारुडा केला, आणि त्यावर त्याच्याच बायकोचा अंगठा मागितला.

"वकीलसाहेब," ती म्हणाली, "मला त्या माणसाला फाशी द्यायचीय. कसं करायचं ते सांगा."

"फाशी मिळणार नाही."

"मग काय मिळंल?"

विश्वंभरपंतांनी तिला नीट समजावलं. घाई केली नाही. रियासतीत नुकताच नवा कायदा आला होता. काम करता करता मजूर मेला तर त्याची बायको, आई, लेकरं यांना मालकाने भरपाई द्यायची. त्यासाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. "तो मेला, कामावर मेला, एवढं पुरे. दारू प्यायला होता असं ते म्हणाले तरी मरणाच्या बाबतीत ते चालत नाही. मुदतीत अर्ज मात्र करायला हवा."

"म्हंजे चूक कुणाची ते कुणी इचारणारच न्हाई?"

"नाही विचारणार."

"मग तो पैसे टाकंल आन मिशीवर ताव देत घरी जाईल."

"जाईल," विश्वंभरपंत म्हणाले. "दुसरी वाट दिवाणी दाव्याची. तिथं चूक दाखवावी लागते. दहा वर्षं लागतील, आणि दोन्हीकडून भरपाई घेता येत नाही. तिसरी वाट फौजदारीची. पण अमीनने पंचनाम्यात जाळी बसवून टाकलीय. साक्षीदार आणायचा कुठून? चौथी वाट म्हणजे कारखान्यांचा इन्स्पेक्टर. धावत्या पट्ट्यावर जाळी नसणं हा गुन्हा आहे. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तर तो खटला भरतो, यंत्रसुद्धा बंद ठेवायला लावतो. पण तो वर्षातून एकदा येतो आणि येण्याआधी कळवून येतो."

"आन आला की जाळ्या लागत्यात."

"हो. आणि गेला की निघतात. जाळी असली तर साफसफाईला इंजिन थांबवावं लागतं. इंजिन थांबलं की गठ्ठे कमी निघतात."

गोजरबाई बराच वेळ बोटाने पायरीवर रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, "भरपाईचा अर्ज लिवा. पोरीचा हक्क हाय तो. आन त्या इन्स्पेक्टरचं मी बघते."

"तू कशी बघणार?"

"ते मला ठावं न्हाई अजून."

महिना झाला आणि गोजरबाई व्यंकटरावांच्या जिनात कामाला लागली.

साऱ्या आळीने तोंडात बोट घातलं. जिथं नवऱ्याचं रक्त सांडलं तिथंच ही यंत्राला कपाशी चारते. बायका पाणवठ्यावर तिच्याकडे पाठ करायच्या. द्वारकाबाईने तर तिच्याशी बोलणंच टाकलं. सून भाकरी वाढायची, म्हातारी ती न बोलता खायची, ताट सरकवून द्यायची. एकदाच ती म्हणाली, "माझ्या लेकाच्या सरणाची राख अजून गरम हाय." गोजरबाईने ताट उचललं. आपण तिथं कशासाठी जातो ते सांगावंसं तिला फार वाटलं. पण म्हातारीच्या पोटात गोष्ट राहत नाही हे तिला ठाऊक होतं. म्हातारी सांजेला एकीला सांगेल, एकी सकाळी दहांना.

व्यंकटरावांना उलट बरं वाटलं. मुकादमाला ते म्हणाले, "बघ, पोट सगळं शिकवतं. अर्ज केलाय म्हणे वकिलानं. हंगाम संपेस्तोवर तोसुद्धा मागं घेईल."

गोजरबाई खाली मान घालून काम करायची. पण तिने नागिणीसारखा डूख धरला होता. व्यंकटराव किती वाजता येतात, कुठल्या पायरीवर चप्पल काढतात, कुणावर ओरडतात, कोणत्या हाताने तपकीर ओढतात, सगळं तिला पाठ झालं. नालीवर पुन्हा जाळी नव्हती. सोनाजीच्या जागी आता दुसरा माणूस आडवा होऊन धावत्या पट्ट्याखालची रुई ओढायचा.

माघातल्या एका सकाळी व्यंकटराव नालीच्या अगदी काठाशी येऊन उभे राहिले. त्यांची पाठ गोजरबाईकडे होती. वाकून ते त्या माणसाला काही सांगत होते. खांद्यावरच्या उपरण्याचं टोक पट्ट्याच्या वाऱ्याने हलत होतं. इंजिनाच्या गोंगाटात कुणाला काही ऐकू येत नव्हतं. सरकीची पाटी घेऊन गोजरबाई त्यांच्या मागे दोन हातांवर आली. कोपराचा नुसता धक्का पुरला असता. तिचं कोपर उचललंही गेलं. तिच्या डोळ्यांपुढं सगळं आधीच घडून गेलं, उपरणं, मान, छाती.

मग तिच्या मनात आलं, हा मेला तर बोलणार कोण? सोनाजी दारुडा होता असं लिहिलेला कागद तसाच राहील आणि हा देवमाणूस म्हणून जाईल. लोक याच्या तेराव्याला जेवतील.

तिने कोपर खाली घेतलं आणि पाटी रिकामी केली. व्यंकटराव वळले, तिला पाहून म्हणाले, "बाजूला हो, लागंल." ती बाजूला झाली.

त्यानंतर आठ दिवसांनी तहसिलीतून चिठ्ठी आली, इन्स्पेक्टरसाहेब परवा येतात. त्या दुपारी इंजिन थांबलं आणि कोठीतून जाळ्या निघाल्या. भावसिंग एक एक जाळी नालीवर बसवत गेला. सोनाजीच्या जागेपाशी आला तेव्हा गोजरबाई झाडू घेऊन तिथंच उभी होती. भावसिंगने वर पाहिलं नाही.

"आज हात कापत न्हाईत तुझे," ती म्हणाली.

भावसिंग कनेरगाव नाक्याकडच्या तांड्यावरचा माणूस, वयाने तिच्याएवढाच. पेच आवळत तो म्हणाला, "बाई, माझी पाच लेकरं हायेत."

"सोनाजीचं एक हाय. कुणी इचारलं कदी, तर काय सांगशील?"

"इचारलं तर खोटं न्हाई सांगणार. पन मी आपनहून तोंड उघडणार न्हाई."

"तितकं पुरं हाय मला," गोजरबाई म्हणाली.

त्याच दिवशी ती विश्वंभरपंतांकडे गेली आणि उर्दूत एक अर्ज लिहून घेतला. पंतांनी तिला साहेबांच्या परतीच्या गाडीची वेळ सांगितली.

इन्स्पेक्टरसाहेब आले. शेरवानीतले, उंच, कोरड्या चेहऱ्याचे हैदराबादी गृहस्थ. सगळ्या नाल्यांवर जाळ्या होत्या, बायांच्या पदरांना गाठी मारायला लावल्या होत्या, पाण्याचे नवे माठ ठेवले होते. साहेबांनी वहीत लिहिलं. दुपारी व्यंकटरावांकडे जेवण झालं आणि चारच्या गाडीसाठी साहेब ठेसनावर निघाले.

गोजरबाई पोट दुखतंय म्हणून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आधीच ठेसनावर बसली होती. व्यंकटरावांचा कारकून साहेबांना डब्यात बसवून, सामान चढवून परत गेला. गाडी सुटायला थोडा अवकाश होता. गोजरबाई खिडकीशी गेली आणि अर्ज आत दिला.

साहेबांनी वाचला. एकदा तिच्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला.

"तुम उस की औरत हो?"

"हौ साहेब," ती म्हणाली. बाजारात ऐकून आलेली तेवढीच भाषा तिच्याकडे होती. "तुम कल सुबू आव. भोंगे के बाद आव. किसे बोलू नका. जाली नै रहती."

"और रही तो?"

"तो मेरे कू जेल में डालो."

 साहेबांनी कागदाची घडी करून वहीत ठेवली. शिटी झाली, गाडी हलली आणि निघून गेली. गोजरबाई रिकाम्या रुळांकडे पाहत उभी राहिली. तिला वाटलं, गेलं सगळं.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला. जाळ्या कोठीत परत गेल्या होत्या. पट्टे उघडे धावत होते, माणूस आडवा होऊन रुई ओढत होता. गोजरबाई यंत्राला कपाशी चारत होती आणि दर दोन मुठींमागे फाटकाकडे बघत होती. फाटकातून कुणी आलं नाही. साहेब आले ते मागच्या, गाड्यांच्या वाटेने. पुढच्या ठेसनावर उतरून ते मुसाफिरखान्यात राहिले होते आणि पहाटे बैलगाडीने निघाले होते. शेरवानीवर धुळीचा थर होता. ते थेट नालीपाशी गेले, उघडा पट्टा पाहिला, खाली आडवा झालेला माणूस पाहिला आणि हात वर करून इंजिन थांबवायला सांगितलं.

इंजिन थांबल्यावर पडलेल्या शांततेत जे सुख होतं, ते गोजरबाईने आयुष्यात पुन्हा अनुभवलं नाही.

व्यंकटराव धोतर सावरत धावत आले. "हुजूर, जाळी आत्ताच, साफसफाईसाठी..." साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. अर्जात नाव होतं त्या भावसिंगला त्यांनी पुढं बोलावलं. जाळ्या कधी काढतात, कुणाच्या सांगण्यावरून काढतात, सोनाजी मेला तेव्हा जाळी होती काय, असं एकामागून एक विचारलं. भावसिंगने एकदा व्यंकटरावांकडे पाहिलं, एकदा गोजरबाईकडे. मग तो बोलला. सगळं बोलला. जाळी मरणानंतर बसली हेसुद्धा, आणि बसवताना पेच जागेवर लागत नव्हता हेसुद्धा. साहेबांनी लिहून घेतलं आणि त्याचा अंगठा घेतला.

जाळ्या कायमच्या बसून पुन्हा तपासणी होईपर्यंत जीन बंद ठेवायचा हुकूम झाला. ऐन हंगामात. कपाशीच्या गाड्या फाटकावरून वळून दुसऱ्यांच्या जिनांकडे जाऊ लागल्या. अंगणात पडलेल्या ढिगावर एका रात्री अवकाळी पाऊस पडला आणि माल पिवळा झाला. गोजरबाई रोज तिकडून जायची. धुराडं थंड पाहिलं की तिच्या जिवाला थंडावा वाटायचा.

पण त्या जिनात साठ बाया कामाला होत्या. त्यांचीही चूल थंडावली. तिघी-चौघी घरापर्यंत चालून आल्या आणि तिला नाही नाही ते बोलल्या. "तुझा एक गेला, तू आमच्या साठ घरांवर उठलीस," एक म्हणाली. गोजरबाईने दारात उभं राहून सगळं ऐकून घेतलं. तिला वाईट वाटलं, पण पस्तावा झाला नाही. तेव्हा घरातून द्वारकाबाई बाहेर आली. दोन महिन्यांत सुनेसाठी उघडलं नव्हतं ते तोंड तिने उघडलं.

"माझा लेक मेला तवा तुमी अंगणात उभ्या होता," ती म्हणाली. "जाळी बसताना साऱ्यांनी बघितली. बोलली का एक तरी? जावा आता घरी."

बाया गेल्या. म्हातारी सुनेकडे वळली. "मला काहून सांगितलं न्हाईस?"

"तुमी बोलल्या असत्या, आत्या."

म्हातारीने विचार केला. "व्हय," ती म्हणाली, "बोलले असते."

बावीस दिवसांनी जीन पुन्हा सुरू झाला. कारखान्याच्या खटल्यात व्यंकटरावांच्या वकिलाने गुन्हा कबूल करून टाकला आणि दंड भरला. व्यंकटरावांना उभंही राहावं लागलं नाही. दंडाची रक्कम ऐकून गोजरबाई विश्वंभरपंतांना म्हणाली, "एवढ्यात तर त्यांच्या बैलाची झूल येत न्हाई."

"गुन्हा तर कबूल केला ना?"

"वकील बोलला. तो कुठं बोलला?"

राहिला तो भरपाईचा अर्ज. तो वसमतच्या कोर्टात मुन्सफांपुढं होता. व्यंकटरावांनी आपल्या लेखी जबाबात तेच लिहिलं होतं, मयत दारू प्यायलेला होता, जाळी त्यानेच काढली. तारखेला त्यांचा वकील उठून म्हणाला, मालक उदार आहेत, वाद वाढवत नाहीत, भरपाई जमा करतात, काम मिटवावं. विश्वंभरपंतांनी गोजरबाईच्या कानाशी ते मराठीत सांगितलं आणि म्हणाले, "घे. कायद्याने याहून जास्त मिळत नाही."

"त्या दारूच्या ओळीचं काय?"

"ती कागदात राहील. पैशाला तिची बाधा नाही."

"मग मला न्हाई मिटवायचं."

 विश्वंभरपंत उठले आणि मुन्सफांना म्हणाले, ती ओळ जबाबात आहे तोवर आमचा पक्षकार तडजोड करत नाही. इन्स्पेक्टरांपुढचा भावसिंगचा जबाब त्यांनी पुढं ठेवला. मुन्सफ म्हातारे होते. त्यांनी तो सावकाश वाचला. मग व्यंकटरावांना पिंजऱ्यात बोलावलं. लेखी जबाबावर ठाम असाल तर शपथ घ्या आणि उलटतपासणी द्या, नसाल तर आत्ता सांगा. शपथेवर खोटं बोलण्याची सजा काय असते तेही त्यांनी सांगितलं.

कचेरी भरलेली होती. जिनातल्या बाया आल्या होत्या, गाडीवान आले होते, गावातले दुकानदार होते. व्यंकटरावांनी कपाळ पुसलं आणि खालच्या आवाजात उर्दूत काहीतरी म्हणाले.

मुन्सफांनी लिहून घेतलं. विश्वंभरपंत गोजरबाईकडे वळून सांगणार, तेवढ्यात ती स्वतःच उभी राहिली.

"सरकार, मला कळलं न्हाई. मला उर्दू येत न्हाई. त्यांना आमच्या बोलीत सांगू द्या."

व्यंकटरावांचा वकील हरकत घ्यायला उठला. मुन्सफांनी हाताने त्याला बसवलं. व्यंकटरावांना ते म्हणाले, बाई पक्षकार आहे, तिला कळेल असं सांगा.

व्यंकटरावांनी पिंजऱ्याचा कठडा धरला.  आयुष्यात त्यांनी चाकराच्या बायकोशी नजर मिळवून बोलायची वेळ येऊ दिली नव्हती.

"सोनाजी दारू पिलेला नव्हता," ते म्हणाले.

"आन जाळी?" गोजरबाई म्हणाली.

"जाळी नव्हती."

"कवा बसवली?"

विश्वंभरपंतांनी तिचा पदर ओढला, पण मुन्सफ काही बोलले नाहीत.

"तो मेल्यावर," व्यंकटराव म्हणाले.

मागून कुणाचा तरी हुंदका आला. द्वारकाबाई होती. गोजरबाई खाली बसली आणि सोनाजी गेल्यापासून पहिल्यांदा पदर तोंडाला लावून रडली. ती इतकी रडली की काम थोडा वेळ थांबवावं लागलं.

भरपाई कचेरीत जमा झाली. म्हातारीचा वाटा म्हातारीला मिळाला, पोरीचा तिच्या नावावर राहिला. भावसिंगला व्यंकटरावांनी दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं. तो हिंगोलीच्या एका जिनात लागला आणि तिथं बरा राहिला असं ऐकू आलं. गोजरबाईने वसमत सोडलं नाही. हळदीच्या हंगामात हळद शिजवायच्या कढईवर जायची, इतर दिवसांत मिरची विकायची. कुणाच्या घरी असला प्रसंग झाला की लोक तिला बोलवायचे. ती एवढंच सांगायची, अंगठा उठवू नका, कागद ठेवून घ्या, पंतांकडे जावा.

व्यंकटरावांचा जीन त्या हंगामानंतर सावरला नाही. मालाची पत गेली होती. चार वर्षांनी त्यांनी तो विकला. निजामाविरुद्ध पोलीस ॲक्शन झाली त्या वर्षी, दिवाळीच्या आसपास, आखाडा बाळापूरच्या बाजारात ते गोजरबाईच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. बाळापूर तिचं माहेर, ती तिथं मिरची घेऊन बसली होती. व्यंकटरावांच्या हातात काठी आली होती.

"गोजरबाई," ते म्हणाले, "सात वर्षं झाली. नवं राज्य आलं. आता तरी मनातलं काढून टाक."

गोजरबाईने तराजू खाली ठेवला.

"न्हाई मालक. मी तर देवाला रोज सांगते, व्यंकटरावांना लांब आयुष्य दे. तुमी जितके दिस फिराल तितके दिस लोक तुमाला बघून सोनाजीचं नाव घेतील."

व्यंकटराव काठी टेकत क्षणभर उभे राहिले. मागे एक गिऱ्हाईक खोळंबलं होतं, ते विचारत होतं की मिरची तिखट आहे का. गोजरबाई त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, "खाऊन बघा की."